खळ उतरलेला कागद

९ जानेवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर माझं आहे हे ओळखूनही तू ते उघडलंस, म्हणजे अर्धं काम झालं. घाबरू नकोस, घरची रडकथा नाही. कामाचंच विचारायचं आहे.

सध्या आत्याचं दुकान मी सांभाळते. लॅबमधून लांबलचक रजा काढली आहे. आत्याचा घसा बसलाय, तिला बोलवत नाही, आणि गिऱ्हाइकं काही तिचा घसा सुटेपर्यंत थांबत नाहीत. आता मला कागदातलं काय कळतं? दुसऱ्यांचं रक्त काचपट्टीवर पसरून बघणारी बाई मी. कागद पांढरा असतो आणि चौकोनी असतो, इतकीच माझी अक्कल. दुकानातले खण ओढून बघितले आणि तीही गेली.

तुला ते पसरट खण पाठ असतील. एकावरही चिठ्ठी नाही. आत्या नुसता हात घालायची आणि हवा तो ताव काढायची. मी हात घातला तर काय, एक ताव गालासारखा गुळगुळीत, दुसरा मांजराच्या जिभेसारखा खरखरीत. तिसरा उजेडात धरला तर आत बारीक बारीक रेघा, शेवयांसारख्या शेजारी शेजारी. एका गठ्ठ्याच्या कडा कुरतडलेल्या दिसल्या. मला वाटलं उंदीर. कात्री घेऊन सरळ करायला बसले, तर आत्याने वरून जिन्यावर काठी आपटली. (काठी सध्या वापरते. जिना उभा आहे ना.) मग कळलं की हाताने केलेल्या तावाची कड तशीच असते, उलट तीच बघून लोक घेतात. हे सगळं जुन्या युरोपी पद्धतीचं, सुती चिंध्यांच्या लगद्याचं काम, असं एक गिऱ्हाईकच मला सांगून गेलं. दुकानदाराला गिऱ्हाइकाने शिकवायचं, अशी परिस्थिती आहे.

तर प्रश्न असा. ते भूमापक आठवतात का तुला, निवृत्त झाल्यावर नदीकाठी बसून जलरंग करायला लागले ते? परवा ते एक चित्र घेऊन आले. नदी ठीक होती. वरच्या आभाळाला मात्र देवी आल्यासारखी दिसत होती. निळ्या रंगात गडद ठिपकेच ठिपके. म्हणाले, "तक्रार नाही करत. हाच ताव मी वर्षानुवर्षं नेतोय. याला काय झालंय, एवढंच सांगा."

मी काय सांगणार? पण तेव्हापासून डोक्यातून जात नाही. रक्त खराब होतं हे मला माहीत आहे. न वापरलेला, गुंडाळून ठेवलेला कोरा कागद खराब होतो का? कशाने? आत्याला विचारता येत नाही म्हणून तिच्या लेकीला, तुला विचारते. आपल्या घरात कागद कळणारी दुसरी तूच.

तुझी,
बारकी
(वजन विचारू नकोस, नाव तेच ठेवलंय.)


२८ जानेवारी

ताई,

तुझं उत्तर आलं. टाईप केलेलं, अर्धं पान, आणि त्यात एक शब्द इकडचा तिकडे नाही. तरी मी तीनदा वाचलं. चांगल्या कागदाला जिलेटिनची खळ दिलेली असते, तिच्यामुळे रंग आणि शाई वर थांबते, खळ उतरली की कागदाचा टीपकागद होतो. हे मला कुणी आधी का सांगितलं नाही? कपड्याला खळ देतात तशी कागदालाही देतात, हे कळल्यावर मी दुकानातल्या प्रत्येक तावाकडे निराळ्याच नजरेने बघायला लागले.

तू लिहिलंस त्या तिन्ही परीक्षा केल्या. ताव कानाशी हलवून बघितला. खळ असलेला खडखडतो, पत्र्यासारखा. उतरलेला नुसता फडफडतो. पाण्याचा थेंब टाकून बघितला. आणि जीभ लावून बघितली. कोपरा जिभेला चिकटला तर खळ गेली, असं तू लिहिलंस ना, म्हणून मी ओळीने खण उघडून कोपरे चाटत सुटले. भूमापक दारात कधी येऊन उभे राहिले ते कळलंच नाही. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि नंतर येतो म्हणाले.

उजव्या भिंतीच्या कपाटातले ताव जिभेला चिकटत नाहीत. डाव्या भिंतीच्या कपाटातले जवळजवळ सगळे चिकटतात.

आता तुझा शेवटचा प्रश्न. "आईचा घसा एवढा कसा बसला?" टाईप केलेल्या अक्षरातही तो प्रश्न तू कसा विचारला असशील ते मला दिसलं.

घसा बसलेला नाही. नोव्हेंबरात आत्याच्या मेंदूत गुठळी अडकली. उजवा हात गेला आणि वाचा गेली. पाय सावरलाय, काठीने जिना चढते-उतरते. तिला सगळं कळतं, एकूण एक गोष्ट. पण तोंडातून एकच शब्द निघतो. तो कोणता ते तू ओळखशील.

बघू.

चहा देऊ का, बघू. खिडकी लावू का, बघू. रडतानाही बघू. माझ्या दादाने दुकान बंद करायचा विषय काढला तेव्हा काठी आपटून तीन वेळा बघू. वाचा-उपचाराच्या बाई येतात, त्या म्हणतात, हा शब्द आत्या निवडत नाही, तो आपोआप येतो. शब्द ऐकू नका, सूर ऐका आणि हात बघा.

तुला लगेच का कळवलं नाही? दवाखान्यात मी तिला विचारलं होतं, ताईला कळवू का म्हणून. ती म्हणाली, बघू. मी समजले, नको. तूही तेच समजली असतीस. सहलीला जाऊ का? बघू. नवीन फ्रॉक आणायचा का? बघू. लहानपणापासून आपल्याला तिच्या 'बघू'चा एकच अर्थ ठाऊक. त्या दिवशी तिने तोच घेतला होता का, हे आता मला सांगता येत नाही. म्हणून हे लिहिलं. तिला न विचारता.

बारकी


१९ फेब्रुवारी

ताई,

दोन ओळींचं उत्तर मिळालं. येणं जमणार नाही, ठीक आहे. ये असं मी म्हटलंच नव्हतं. पण "डाव्या कपाटातले नेमके कुठले ताव?" हे विचारलंस ते बरं केलंस, कारण तिथूनच सगळा धागा सापडला.

सगळ्यांत वाईट अवस्था मागच्या बाजूच्या तावांची. भिंतीकडचे अगदी मऊ पडलेत, पुढचे अर्धे बरे. म्हणजे रोग मागून येतोय. कपाट सरकवायला आम्ही दोघी पुरणार नव्हतो, म्हणून मी मागे हात घालून भिंत चाचपली. सकाळी गार होती. दुपारी पुन्हा हात घातला तर कोमट आणि दमट, ताप उतरलेल्या माणसाच्या पाठीसारखी.

भिंतीपलीकडे काय आहे? लाँड्री.

मी लगेच शेजारी गेले. लाँड्रीवाला इस्त्री थांबवून मोठ्या प्रेमाने मला आत घेऊन गेला. वाफेचा बंब बरोबर आपल्या भिंतीला लावलेला. मी विचारलं, हा इथे पहिल्यापासून आहे का? नाही म्हणाला, आधी मागच्या अंगणात होता. धाकटी मुलगी झाली त्या वर्षी अर्ध्या अंगणात खोली बांधली आणि बंब आत घेतला. मुलगी आता कितवीत आहे? सहावीत.

मी घरी येऊन हिशेब केला. तू घर सोडलंस तेच वर्ष निघालं.

ताई, तू कागदाखेरीज काही लिहू नकोस म्हणशील. हे कागदाचंच आहे. मला जसं आठवतं तसं लिहिते, चुकलं तर सांग. तू वाचनालयाच्या दर्शनी भिंतीसाठी फलक लिहीत होतीस. मोठे ताव, मोठा टाक, महिनोन् महिने मान खाली. मी कॉलेजातून आले की तुझ्या टेबलाच्या टोकाला बसायचे आणि तू मला श्वाससुद्धा हळू घ्यायला लावायचीस. आणि शेवटच्या फलकावर शाई फुटली. प्रत्येक अक्षराला पाय फुटले. तू तो ताव घेऊन खाली दुकानात गेलीस. गिऱ्हाइकं उभी होती. तू म्हणालीस, "चांगला माल बाहेरच्यांना आणि उरलंसुरलं घरच्यांना." आत्या म्हणाली, "कागदाला काही झालेलं नाही. शाई पातळ आणि हात जड."

हे दुसरं वाक्य तिने सगळ्यांसमोर म्हणायला नको होतं. त्याच आठवड्यात तू गेलीस.

ते ताव डाव्या कपाटातले होते. आत्याने तुला उरलंसुरलं दिलं नव्हतं, तेव्हा ते तिच्याकडचे सर्वांत भारी ताव होते. त्यांच्यामागे नुकता बंब येऊन बसला होता आणि दोघींपैकी एकीलाही ते ठाऊक नव्हतं.

नुसत्या तर्कावर मी काही लिहीत नाही. तपासून बघितलं. तू वापरायचीस तीच शाई आणली. उजव्या कपाटातला ताव घेतला, डाव्यातला घेतला, दोन्हींवर माझ्या वेड्यावाकड्या हाताने एक एक रेघ मारली. उजव्यावर रेघ सुरीने कापल्यासारखी. डाव्यावर गोम. मग शाईत मुद्दाम पाणी घातलं आणि चांगल्या तावावर पुन्हा रेघ मारली. फिकी पडली, पण फुटली नाही. म्हणजे शाई नव्हती आणि हातही नव्हता.

या पट्ट्या मी आत्यापुढे ठेवल्या. बंबाचं सांगितलं. लाँड्रीवाल्याच्या मुलीचं सांगितलं. ती पट्ट्यांकडे बघत राहिली. मग उठली, जिना उतरून खाली आली, कपाटामागच्या फटीत डावा हात घातला आणि भिंतीवर तळवा टेकून उभी राहिली. मी दोनदा हाक मारली. गिऱ्हाईक येऊन परत गेलं. तिने हात काढला तेव्हा तिचा चेहरा मला ओळखीचा वाटला नाही. बघूसुद्धा म्हणाली नाही.

बारकी


१४ मार्च

ताई,

तू रागावशील याची मला कल्पना होती. पण इतकी रागावशील असं वाटलं नव्हतं. "भिंतीचा दोष होता हे कळून मी आता काय करू? भिंतीशी भांडू? मी त्यानंतर टाक हातात धरलेला नाही, तो कुणाच्या नावावर टाकू?"

तुझा हात थांबलाय हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, तू तिकडे छापखान्यात मुद्रितं तपासतेस आणि घरी येऊन लिहितेस. मी मनात तुझं टेबलसुद्धा लावून ठेवलं होतं, खिडकीशी.

आणि इतकं रागावूनही पत्राच्या तळाशी तू लिहिलंस, "खळ परत देता येते," आणि पुढे जिलेटिन किती, पाणी किती, कोमट म्हणजे किती कोमट. तुझ्या या तळटिपेवर आम्ही सध्या जगतो आहोत.

दादाने रद्दीवाल्याशी बोलणं केलं आहे. त्याचंही अगदीच चूक नाही. दुकानातला अर्धा माल कुणाच्या कामाचा नाही, आत्याला औषधं लागतात, माझी रजा संपत आली आहे. महिनाअखेर तो माणूस घेऊन येणार आणि डावं कपाट रिकामं करणार. मी म्हटलं, एवढे दिवस मला दे. तो म्हणाला, घे, पण चाटत बसू नकोस. भूमापकांनी गावभर केलेलं दिसतंय.

पहिल्या दिवशी मी सगळा सत्यानाश केला. जिलेटिन दाट झालं. ताव बुडवून एकावर एक ठेवले, ते एकमेकांना असे चिकटले की शेवटी वीट झाली. दुसऱ्या दिवशी पातळ केलं, पण मोठा ताव ओला झाला की ओल्या चादरीसारखा लोंबतो. दोन हातांनी दोन कोपरे धरले तर मधे पोक येतो, तिथे फाटतो. मी चार ताव फाडले आणि पाचव्याला रडू आलं.

आत्या जिन्यावर बसून बघत होती. ती उतरली. काठी भिंतीला लावून ठेवली. टेबलाच्या पलीकडे उभी राहिली आणि डावा हात पुढे केला. मला आधी कळेना काय हवंय. तिने माझा उजवा हात धरून तावाच्या एका टोकाशी ठेवला आणि दुसरं टोक स्वतःच्या डाव्या हातात घेतलं. मग ताव परातीतल्या खळीतून ओढायला लागली, सावकाश, न थांबता, माझ्याकडे न बघता. मी मागे राहिले तर चक् करायची. पुढे गेले तरी चक्. पलीकडे ताव बाहेर आला तो सरळ आणि सगळीकडे सारखा चकाकणारा. आम्ही तो दोरीवर टाकला.

तिने आधी हे कधी केलेलं नसणार, ती विकणारी होती, करणारी नव्हती. मग तिला कसं कळलं? मी विचारलं. ती म्हणाली, बघू, आणि दुसरा ताव उचलला.

आज सगळ्या घरात दोऱ्या आहेत. स्वयंपाकघरात वाकून जावं लागतं. वास फार काही चांगला नाही.

बारकी


२ एप्रिल

ताई,

दोन बातम्या आहेत. पहिली सोपी.

शनिवारी दादा रद्दीवाल्याला घेऊन आला. दादाच्या अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात मोजपट्टी. कपाटही विकायचा विचार असावा. आम्ही दोघी कामात. आत्याने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि ओल्या तावाचं टोक त्याच्या हातात दिलं. तो म्हणाला, अगं आत्या, मी जरा... तिने चक् केलं. बिचारा धरून उभा राहिला. मग दुसरा ताव आला, तिसरा आला. रद्दीवाला थोडा वेळ स्टुलावर बसला, मग म्हणाला, तुमचं चालू दे, मी पुन्हा येतो. जेवायच्या वेळेपर्यंत दादाच्या शर्टाच्या बाह्या कडक झाल्या होत्या. जाताना त्याने मला विचारलं, "हे खरंच पूर्वीसारखं होतं का?" मी म्हटलं, अजून माहीत नाही.

रविवारी माहीत झालं. भूमापकांनी एक वाळलेला ताव नेला होता. संध्याकाळी ते चित्र घेऊन आले, रंग अजून पुरता सुकलेला नव्हता. आभाळ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग, कुठेही ठिपका नाही. ते फक्त एवढंच म्हणाले की असं आभाळ त्यांना बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. अगदी नव्यासारखा झालाय असं मी म्हणणार नाही. खडखडाट थोडा कमी आहे. पण रंग थांबतो. दादाला फोन केला. तो म्हणाला, बरं, वर्षभर बघ चालवून. मी लॅबला अर्ज लिहायला घेतला आहे. परत यायचा की राजीनाम्याचा, ते अजून लिहिलेलं नाही.

दुसरी बातमी म्हणजे तुझा कालचा फोन, आणि ती तुला ठाऊकच आहे. पण तुला फक्त आवाज आला, म्हणून इकडचं लिहिते.

तू "आईला दे" म्हणालीस आणि मी रिसीव्हर तिच्या डाव्या हातात दिला. तू काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही. ती ऐकत होती. मग बघू म्हणाली. मग तू काही तरी बराच वेळ बोललीस आणि ती पुन्हा बघू म्हणाली. शेवटी फोन माझ्याकडे आला तेव्हा तू म्हणालीस, "आयुष्यभर मला बघूच म्हणाली, आजही तेच म्हणाली." आणि ठेवलास.

तो शब्द आपोआप येतो, त्याला काही अर्थ नसेल, हे वाचा-उपचाराच्या बाईंनी सांगितलेलं मी विसरलेले नाही. मी त्याला अर्थ चिकटवणार नाही. मला जे दिसलं तेवढंच सांगते. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा रिसीव्हर कानाला होता. दुसऱ्यांदा तिने तो कानापासून काढला, तोंडासमोर धरला, आणि ज्या जाळीतून तुझा आवाज येत होता तिच्याकडे बघत म्हणाली. आत कुणी दिसतंय का, असं बघत.

बारकी


२३ मे

ताई,

तू परत सुखरूप पोचलीस हे कळलं. तू येणार हे न कळवता आलीस, म्हणून जेवणाचे जरा हाल झाले, पण ते जाऊ दे. दारात तुला बघून आत्याने आधी केस नीट केले हे तुला दिसलं नसेल, तू रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडत होतीस.

एक सांगून टाकते. तुम्ही दोघी वर बसायचात तेव्हा मी बहुतेक वेळा जिन्यात असायचे. वाचा-उपचाराच्या बाईंनी डाव्या हाताला वळण लावा म्हटलं आणि तू बाजारातून तिरक्या कापाचा टाक घेऊन आलीस, तेव्हाच मी ठरवलं होतं की दुकानात माझं लक्ष लागणार नाही. शब्द नकोत, अक्षरंही नकोत, नुसत्या रेघा, हे तू तिला सांगत होतीस. उभी, आडवी, तिरकी. तू आधी काढायचीस, मग ती. पहिल्या दिवशी तुझी स्वतःचीच उभी रेघ वाकडी गेली, हे तिलाही दिसलं असणार. ती काही म्हणाली नाही, म्हणजे बघू म्हणाली.

आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिचा टाक कागदात रुतला, तेव्हा तू म्हणालीस, "आई, हात जड पडतोय."

मी कठडा घट्ट धरला. मला वाटलं, झालं, आता पुन्हा सगळं पहिल्यापासून. आणि मग आत्या हसली. नोव्हेंबरानंतर पहिल्यांदा. आधी नाकातून, मग पूर्ण. मग तू हसलीस. नंतर तुम्ही दोघी हसत नव्हतात, तेही मला कळलं, म्हणून मी खाली आले आणि दुकानाची पाटी उलटी करून ठेवली. एक बाई बाहेरून काच वाजवत होत्या, त्यांना मी हाताने उद्या या म्हटलं.

तू गेल्यावर दोन दिवस ती वरच बसून होती. मला भीती वाटली. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रेघा सुरू. रोज एक ताव भरते. गुळगुळीत, भारीतला घेते, मी काही बोलत नाही. डॉक्टर म्हणतात, वाचा किती परत येईल सांगता येत नाही, फार आशा धरू नका. ते तुला कळायला हवं म्हणून लिहिलं. मी लॅबचा राजीनामा दिला. दादा अजून त्यावर बोलत नाही, पण शनिवारी येतो आणि बाह्या वर करतो. लाँड्रीवाला बंब पुन्हा अंगणात न्यायला तयार झालाय, तोवर डाव्या भिंतीशी आम्ही नुसत्या खुर्च्या मांडल्यात.

आता कामाचं.

गेल्या आठवड्यात भूमापक आले. नदीच्या चित्रांचं प्रदर्शन मांडताहेत. प्रत्येक चित्राखाली त्या जागेचं नाव सुंदर अक्षरात लिहून हवं आहे. त्यांनी मला विचारलं, असं लिहिणारं कुणी माहीत आहे का? मी विचार करत होते काय सांगावं. तोवर आत्या उठली, तू जाताना तिच्यासाठी अक्षरांचा नमुना म्हणून लिहून ठेवलेला ताव आतून घेऊन आली आणि त्यांच्यासमोर टेबलावर पसरला. भूमापक त्यावर वाकले. "कोणाचं हे?" आत्याने छातीवर हात ठेवला. ते गोंधळले. "तुमचं?" तिने मान हलवली, नाही, आणि पुन्हा छातीवर हात ठेवला. मी म्हटलं, "त्यांच्या मुलीचं." ती लिहील का, हे मला ठाऊक नाही असंही सांगितलं. ते म्हणाले, विचारा तर खरं.

मी विचारायच्या आत आत्या कामाला लागली. सगळी सकाळ ती उजव्या कपाटापाशी होती. एक एक ताव काढायचा, एका कोपऱ्याला धरून कानाशी हलवायचा, उजेडासमोर न्यायचा, उलटा करायचा, आणि बहुतेक वेळा परत ठेवायचा. मधे तीन गिऱ्हाइकं आली, तिने एकाकडेही बघितलं नाही. मी मदत करायला गेले तर चक् झालं. दुपारपर्यंत तिने थोडेच ताव निवडले, ते पातळ कागदात गुंडाळले, आणि दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधायला मात्र मला बोलावलं, कारण गाठ एका हाताने बसत नाही.

ते पार्सल या पत्राबरोबरच निघतंय. तुला लिहायचं नसेल तर ताव तुझ्याकडेच राहू देत, भूमापकांना मी समजावीन. तुझ्यावर कुणाचीही सक्ती नाही, माझी तर नाहीच.

पार्सलवरचा पत्ता माझ्या हातचा आहे. वरचं तुझं नाव तिने लिहिलंय. मी नुसतं बोटाने जागा दाखवली, नमुना समोर नव्हता. पहिलं अक्षर मोठं झालंय, दुसऱ्याचा काना जरा लांब जाऊन पडलाय, आणि शाई कुठेही फुटलेली नाही.

वाचता येतंय का, तेवढं कळव.

बारकी